दोन इंच, पण कुठून मोजायचे?

सोसायटीच्या वार्षिक सभेत अंतर्गत रस्त्याच्या डांबरीकरणाचा विषय नेहमी शेवटून दुसरा असतो. शेवटचा असतो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’, आणि त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, कारण तोवर बटाटेवडे आलेले असतात. सहकार कायद्याप्रमाणे ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कायदा करणाऱ्यांनी हा मुहूर्त हिशेबतपासणीकडे बघून काढला असेल, पण पुण्यातल्या सोसायट्यांना तो खड्ड्यांच्या दृष्टीनंही अचूक लागू पडतो. चार महिन्यांच्या पावसावर पोसलेले खड्डे ऐन तारुण्यात असतात. सभासद त्यांना वळसे घालत सभेला येतात आणि आल्या आल्या एकच प्रश्न विचारतात, “स्क्वेअर फुटाला काय रेट आहे?”

पुणेकरानं आयुष्यात जे काही मोठं घेतलं ते चौरस फुटानंच घेतलेलं असल्यामुळे रस्ताही त्याच मापानं विकत मिळत असणार अशी त्याची पक्की समजूत आहे. फ्लॅट घेताना एकदा कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप यांनी त्याला शिकवण दिलेली असते. ती तो फ्लॅटपुरतीच लक्षात ठेवतो. रस्त्याच्या बाबतीत मात्र कोटेशनच्या कागदावर ठळक छापलेला आकडा वाचला, की त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या ओळी फक्त लेटरहेड भरून दिसावं म्हणून टाकल्या आहेत असं त्याला वाटतं.

आमच्या सोसायटीनं रीतसर तीन कोटेशनं मागवली. उपविधींप्रमाणे ठरावीक रकमेवरचा खर्च सभेपुढे आणावा लागतो, निविदा मागवाव्या लागतात, हे सगळं आम्ही पाळतो. तीन आली, की एक स्वस्त असतं, एक महाग असतं आणि एक मधलं असतं. मराठी मध्यमवर्ग मधलं निवडतो. स्वस्तवाला फसवणार आणि महागवाला लुटणार याबद्दल सभेत एकमत असतं. मधला नेमकं काय करणार याबद्दल कोणी बोलत नाही.

या वेळी मात्र दुसऱ्या मजल्यावरचे एक काका मध्ये आले. हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी किती मैल रस्ते केले ते त्यांनाच ठाऊक, पण निवृत्तीनंतर सोसायटीतला एकही चमचाभर सिमेंटचा व्यवहार त्यांनी नजरेतून सुटू दिलेला नाही. त्यांनी तिन्ही कागद हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “दोन इंच म्हणतोय. दाबण्याआधीचे की दाबल्यानंतरचे?”

सभा शांत झाली. इंच दाबता येतो ही बातमी बहुतेकांना नवी होती.

गोष्ट अशी आहे, की प्लांटवरून आलेला गरम माल रस्त्यावर पसरला की तो भुसभुशीत असतो. त्यावर रोलर फिरला की बसतो. ढोबळ हिशेब असा, की दाबून दोन इंच हवे असतील तर पसरताना अडीच पसरावे लागतात. उलट पसरतानाच पट्टी लावून दोन इंच दाखवले, तर रोलर गेल्यावर हाती उरतात जेमतेम दीडच्या वर. दोन्ही ठेकेदार दोन इंच म्हणतात, दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि दोघांच्या दरात फरक पडतो. आमचा रस्ता 100 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे, म्हणजे 600 चौरस मीटर. त्यावर दाबून 50 मिलिमीटरचा थर द्यायचा तर 30 घनमीटर माल लागतो, वजनात साधारण 70 टन. 40 मिलिमीटरचा थर दिला तर 56 टन. मधले 14 टन, म्हणजे जवळपास एक भरलेला डंपर, त्या ‘दोन इंच’ या शब्दाच्या पोटात सहज मावतो. स्वस्त कोटेशनवाल्याचा डंपर तिथेच उभा होता.

मग बी विंगमधल्या एका शेअरबाजारवाल्या सभासदानं डांबराच्या किमतीचा मुद्दा काढला. हे गृहस्थ सकाळी उठून आधी कच्च्या तेलाचा भाव बघतात आणि मग बायकोला चहाचं विचारतात. त्यांचं म्हणणं, आखातात तणाव आहे, थांबा, भाव उतरू द्या. डांबर हा कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा काळा चिकट भाग. आपल्या देशात तो तेल कंपन्यांकडून येतो आणि बराचसा बाहेरूनही आणावा लागतो. कंपन्या त्याचे भाव दर पंधरवड्याला बदलतात. त्यामुळे ठेकेदारही कोटेशनखाली ‘हा दर पंधरा दिवसांपुरताच’ असं लिहितो, आणि आमची कार्यकारिणी तर पंधरा दिवसांत सभेची सूचनासुद्धा काढू शकत नाही.

पण काकांनी इथेही कागदावर आकडेमोड केली. डांबरी रस्त्यात डांबर असतं शंभर किलोला साधारण पाच किलो. बाकी सगळी खडी, कच आणि दगडाची भुकटी. मसालेभातात मसाला असतो त्याच प्रमाणात, आणि नाव मात्र त्याचंच. तर 70 टन मालात डांबर निघालं साडेतीन टन. त्याचा भाव टनामागे 5,000 रुपयांनी चढला, तरी आमच्या रस्त्याचा खर्च वाढणार 17,500 रुपयांनी, म्हणजे चौरस फुटाला पावणेतीन रुपये. “आणि हा महागवाला आखाताच्या नावावर पंधरा रुपये वाढवून मागतोय,” काका म्हणाले. “उरलेले सव्वाबारा कुठल्या युद्धाचे?” शेअरबाजारवाले गप्प बसले. तेल आणि युद्ध यांच्यावर आपली मक्तेदारी आहे असं समजणाऱ्या माणसाला गप्प करण्याची ही जागा चांगली होती, एवढं मी नोंदवून ठेवतो.

खरा पैसा वर नसतोच. तो खाली जातो, आणि खाली काय आहे हे कोणालाच बघायचं नसतं. पुण्याच्या बऱ्याच भागात रस्त्याखाली काळी माती निघते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात कापसाला ती लाखमोलाची. रस्त्याखाली मात्र शेतातलेच खेळ करत बसते. ती काढून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारून दाबायचा, वर खडीकरण करायचं, तेही दाबायचं, त्यावर डांबराचा पातळ फवारा मारायचा, आणि मग कुठे ते मिरवायचे दोन इंच. यातलं एकही काम शेवटी दिसत नाही. दिसतो फक्त काळा तुकतुकीत वरचा पापुद्रा, आणि सभासदाला पैसे त्याचेच द्यायचे असतात. खालच्या थरांसाठी वर्गणी मागणं म्हणजे शर्टाच्या अस्तराचे पैसे मागण्याइतकं संशयास्पद मानलं जातं.

काकांनी सुचवलं, की आधी दोन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन खाली काय आहे ते बघू. या वाक्यावर जो गदारोळ झाला तो माझ्या आठवणीत लिफ्टच्या वेळीसुद्धा झाला नव्हता. “आहेत ते खड्डे पुरत नाहीत का?” हा प्रश्न ए विंगच्या काकूंनी विचारला आणि टाळ्या मिळवल्या. तरीही एका खड्ड्याला मंजुरी मिळाली. त्यात चार बोटं डांबर, वीतभर मुरूम, आणि त्याखाली बिल्डरनं मागे सोडलेला संसार निघाला: फुटक्या लाद्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाकडी सळई आणि पुरुषी मापाची एक रबरी चप्पल. एवढे दिवस आमच्या गाड्या ज्या पायावर उभ्या होत्या तो हा पाया. तळमजल्यावरच्या आजोबांनी चप्पल निरखून बघितली आणि “डावी आहे,” एवढंच म्हणाले.

या एका खड्ड्यानं तिन्ही कोटेशनं निकालात निघाली, कारण तिन्ही फक्त वरच्या थराची होती. त्यांत ‘आवश्यकतेनुसार खोदाई वेगळी’ अशी ओळ होती आणि आवश्यकता कोण ठरवणार ते लिहिलेलं नव्हतं. अनुभवी माणसं सांगतात, की कोटेशनमध्ये ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द दिसला की तिथे बोट ठेवून थांबावं. सगळं अंदाजपत्रक तिथून गळतं.

आता वाटेचा प्रश्न. आमच्या सोसायटीला प्रवेशद्वारावर कमान आहे. ती रौप्यमहोत्सवी वर्षात हौसेनं बांधली, तिच्यावर सोसायटीचं नाव पितळी अक्षरांत आहे, आणि तिच्याखालून शालेय बस जाते, डंपर जात नाही. शिवाय डंपर नुसता आत येऊन भागत नाही, माल ओतायला त्याला मागचा हौदा वर उचलावा लागतो, आणि आत वर गुलमोहर आहे. म्हणजे माल बाहेर रस्त्यावर उतरवायचा, छोट्या टेम्पोतून किंवा ढकलगाडीतून आत न्यायचा आणि माणसांनी फावड्यानं पसरायचा. पेव्हर यंत्र जिथे सकाळच्या वेळात काम उरकेल तिथे माणसं दिवसभर लागतात. कमानीचा खर्च आम्ही एकदा केला होता असा आमचा समज होता. तो दर डांबरीकरणाला पुन्हा द्यावा लागतो.

आणि तोवर माल थांबत नाही. डांबरी माल प्लांटमधून निघतो तेव्हा दीडशे-एकशे साठ अंशांवर असतो. रस्त्यावर पसरताना तो एकशे चाळीसच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, आणि रोलरचं काम नव्वदच्या आत जायच्या आधी संपवायचं असतं. प्लांट शहराबाहेर, अवजड गाड्यांना शहरात वेळेची बंधनं, आणि मध्ये पुण्याची वाहतूक. सिंहगड रस्त्यावर अडकलेल्या डंपरला आपला माल गार होतोय हे कळत असलं तरी सिग्नलला कळत नाही. वर ताडपत्री घालतात, पण ताडपत्रीलाही मर्यादा आहेत. म्हणून प्लांट किती लांब आहे यावर दर ठरतो, आणि गार माल दाबून बसत नाही म्हणून रस्त्याचं आयुष्यही तिथेच ठरतं. मागच्या डांबरीकरणाच्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या बाहेर काढाव्यात अशी नोटीस लावली होती. एका सभासदाची गाडी झाकण घातलेली, आणि सभासद मुलाकडे बंगळुरूला. तिच्या चारी बाजूंनी काम करायला ठेकेदारानं जादा पैसे सांगितले आणि त्या गाडीखाली जुना रस्ता तसाच राहील असं लेखी मागितलं.

रोलर स्वतःच्या पायांनी येत नाही. ट्रेलरवरून येतो, आणि ट्रेलरचं भाडं रस्ता 600 चौरस मीटरचा आहे की 6,000 चौरस मीटरचा याच्याशी देणंघेणं ठेवत नाही. त्यामुळे छोट्या कामाचा चौरस फुटाचा दर मोठ्या कामापेक्षा जास्त पडतो, आणि महापालिकेचा दर सांगून सोसायटीच्या ठेकेदाराशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो. यावर उपाय सोपा आहे: शेजारच्या सोसायटीला बरोबर घ्यावं, दोन्हीकडचं काम एका खेपेत उरकावं, भाडं निम्मं होतं. शेजारच्या सोसायटीशी आमचं कुंपणाच्या भिंतीवरून बोलणं बंद आहे. अबोला महाग असतो हे ऐकून होतो. तो चौरस फुटाला नेमका कितीला पडतो ते या निमित्तानं कळलं.

उताराविषयी थोडक्यात सांगतो, कारण सभेतही तो थोडक्यातच झाला. डांबराचा खरा शत्रू वजन नाही, पाणी आहे. रस्त्याला मध्यापासून कडेला शंभराला दोनचा उतार लागतो, पाणी जायला जाळी लागते, आणि जुन्या थरावर नवा थर चढवत गेलं की रस्ता वर येतो, पार्किंग खाली जातं आणि पाणी बिचारं जिथे खोल आहे तिथे जातं. आमच्या वॉचमनच्या केबिनला मूळ दोन पायऱ्या होत्या, आता एकही नाही. म्हणजे या वेळी जुना थर खरवडून काढायला हवा, त्याचं यंत्र वेगळं, भाडं वेगळं, आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणायचे पैसे नगामागे वेगळे. ते न देता काम केलं तर चेंबर डांबराखाली गाडले जातात आणि पुढच्या वेळी तुंबल्यावर प्लंबर पहार घेऊन अंदाजानं शोध घेतो.

काकांनी आणखी एक गोष्ट मांडली. रस्ता करतानाच त्याच्या पोटातून आडवे चार रिकामे पाइप टाकून ठेवावेत. उद्या कोणाची केबल आली, गॅस आला, विजेच्या गाड्यांचं चार्जिंग आलं, तर रस्ता फोडावा लागणार नाही. सूचना इतकी शहाणपणाची होती की ती फेटाळली जाणार हे उघड होतं. “पाइपमध्ये काय घालणार?” खजिनदारांनी विचारलं. “सध्या काही नाही.” “मग रिकाम्या पाइपचे पैसे?” इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं आहे.

चर्चा चालू असतानाच गेटवर एक माणूस आला होता. जवळच्या रस्त्याचं काम चालू आहे, माल उरलाय, आजच्या आज टाकला तर निम्म्या दरात करून देतो, रोख. वॉचमननं त्याला आदरानं खुर्ची दिली होती. हा माणूस जगभर फिरतो. एका सभासदाची बहीण न्यू जर्सीत राहते, तिच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेसाठी तिच्याही दारात असाच एक येऊन गेला. अमेरिकेतली सरकारी ग्राहक खाती अशा उरलेल्या मालवाल्यांपासून सावध राहा म्हणून लोकांना बजावत असतात. तिथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि डांबर उचकटतं, इथे काळी माती ते काम बर्फाशिवाय करते. तिथे प्लांट थंडीत बंद होतात, इथे पावसाळ्यात. मोसम वेगळा, पण उरलेला माल तोच. कुठल्याही ठेकेदाराचा दीडशे अंशांचा माल मोजून येतो, तो उरत नाही. उरतो तो गार झालेला.

आणि मग, पुण्यात रस्त्यांविषयी बोलताना कोणीतरी घेतल्याशिवाय राहत नाही तसं, जंगली महाराज रस्त्याचं नाव निघालंच. रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं तो 1976 मध्ये दहा वर्षांच्या हमीवर केला आणि हमी उलटून कितीतरी वर्षं गेली तरी त्याच्यावर खड्डा दिसेना, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. सभेतले निम्मे लोक त्या रस्त्याच्या कामाच्या वेळी जन्मले नव्हते, तरी प्रत्येकानं तो होताना स्वतः पाहिल्याच्या सुरात सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, की त्याच्या खाली काय घातलंय हे कोणी बघितलंय का. ते मात्र कोणी बघितलं नव्हतं.

आमच्या मधल्या कोटेशनवाल्यानंही हमी दिली होती, एक वर्षाची. हमीत पाणी साचल्यानं झालेलं नुकसान, तेल सांडल्यानं झालेलं नुकसान, झाडांच्या मुळांनी झालेलं नुकसान, अवजड गाड्या आणि खोदकाम धरलेलं नव्हतं. डांबर पेट्रोलियमचंच अपत्य असल्यामुळे गळक्या स्कूटरचं पेट्रोल पडलं की ते माहेरचं माणूस भेटल्यासारखं विरघळतं, ही त्याची अडचण मान्य. पण रस्त्याचं वाटोळं होण्याचे हे पाच मार्ग वगळले तर उरतो तो उल्कापात. त्याची हमी मात्र पूर्ण होती. जीएसटी 18 टक्के वेगळा. त्यावर एकानं हळूच “बिलाशिवाय केलं तर?” असं विचारलं आणि सगळ्यांनी एकदम लेखापरीक्षकांच्या खुर्चीकडे पाहिलं. ते वडा खात होते.

खर्च वाटायचा कसा यावर मात्र सभा जागी झाली. मोठ्या फ्लॅटवाल्यांना सगळ्यांनी सारखे पैसे द्यावेत असं वाटतं, लहान फ्लॅटवाल्यांना क्षेत्रफळाप्रमाणे. दोन गाड्यावाल्यांना रस्ता सर्वांचा वाटतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्या आजोबांनी विचारलं, की मी चालतो, माझ्या वजनाचे किती? काकांनी सहजपणे सांगितलं, की रस्ता गाडीच्या चाकांनी खचतो, माणसाच्या पायांनी नाही, आणि लगेच पाण्याच्या टँकरचा विषय निघाला. आमच्याकडे येणारा सगळ्यात जड पाहुणा तोच. मग टँकर कोणामुळे लागतो, कोण रोज पाइप लावून गाडी धुतं, यावर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. तिच्यातली नावं खरी आहेत.

शेवटी ठराव असा झाला, की काकांनी कामाचं सविस्तर वर्णन लिहून द्यावं आणि त्यावर नव्यानं दर मागवावेत. काकांनी ते एका रात्रीत लिहिलं. खोदाई किती खोल, मुरूम किती थरात, खडीकरण दाबून किती, डांबराचा थर दाबल्यानंतर किती, माल उतरताना अंश किती आणि ते मोजायला थर्मामीटर कोणाचा, चेंबर नगामागे, उतार कुठून कुठे, आणि ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द पूर्ण मजकुरात एकदाही नाही. चार रिकामे पाइपही त्यांनी गुपचूप सतराव्या कलमात घातले होते. मी ते तिघांनाही पाठवलं.

दोन दिवस कोणाचाच फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्याचा आला. आवाज अगदी नम्र होता.

“साहेब, वाचलं सगळं. एकदम परफेक्ट लिहिलंय. फक्त एक विचारायचं होतं,” तो म्हणाला, “हे असं खरंच करायचंय, की फाइलला लावायचंय? नाही म्हणजे, दोन्हीचे रेट वेगळे आहेत.”